मामोस्तांची बिनदाराची खोली

मामोस्ता फरहादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या वाचनालयाच्या सभागृहात गुडघ्यांवर बसून दारापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजत होते. अंगात इस्त्रीचा करडा सूट, गळ्यात शिंप्याची फीत, कानामागे पेन्सिल. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या त्या सार्वजनिक वाचनालयात खोल्यांच्या आरक्षणाचं काम माझ्याकडे असे. एवढ्या वर्षांत लोकांनी मला प्रोजेक्टर आहे का, कॉफी चालेल का, असं विचारलं होतं. खोली मोजायला कुणी आलं नव्हतं.

"काही मदत करू का?" मी विचारलं.

"या खोलीत मानाची जागा आहे," ते उठता उठता गंभीरपणे म्हणाले. "मला मानाची जागाच नाही अशी खोली हवी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या लोकांत दारापासून सर्वांत लांबची जागा सर्वांत थोराची. दाराजवळ बसणारा धाकटा. घरी हे सोपं असतं, पण तीन राजकीय गटांचे वडीलधारे एका खोलीत बोलावले की सगळी सभा बसण्यातच संपते. त्यांच्या पहिल्या सभेत तर कुणी आत शिरलंच नव्हतं. "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही", असं पाऊण तास दाराबाहेर चाललं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला पुढे घालण्यात शिष्टाचारही आहे आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवण्याची सोयही. शेवटी सगळे गाडीतळावरूनच घरी गेले.

मामोस्ता म्हणजे त्यांच्या भाषेत गुरुजी. ते कुर्द होते. इराकच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गावात त्यांनी बावीस वर्षं भूमिती शिकवली आणि इथे येऊन एका ड्रायक्लीनरच्या दुकानात पँटी आखूड करण्याचं काम केलं. दोन्ही कामं सारखीच आहेत, असं ते म्हणत: "मोजायचं, खूण करायची, आणि मगच कापायचं. आमच्या पुढाऱ्यांनी नेहमी उलट केलं." त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही मोठेपणी शिकलेली. त्यामुळे आम्ही हळू बोलायचो आणि एकमेकांना नीट समजायचो. ते मला बहिणीला लावायच्या त्यांच्या शब्दाने हाक मारत. इथे मी तो 'ताई' असा लिहिते आहे.

कुर्द लोक चार देशांत वाटले गेले आहेत, एवढं मी पुस्तकांत वाचलं होतं. मामोस्तांनी ते एका वाक्यात शिकवलं. "ताई, भाकरीचे चार तुकडे केले तर मधला बिंदू कुणाच्या वाट्याला जातो? चारही तुकड्यांच्या टोकाला तो असतो. म्हणून प्रत्येकाला वाटतं, मध्य आपल्याकडे आहे. कुणी खोटं बोलत नसतं. तिथेच तर सगळी पंचाईत आहे."

त्यांना हवं होतं ते फार थोडं. वसंताच्या पहिल्या दिवशी, नवरोजला, कुर्द लोक शेकोटी पेटवून तिच्याभोवती नाचतात. आमच्या भागात तीन गट तीन वेगवेगळ्या रविवारी तीन उद्यानांत तीन शेकोट्या पेटवत. मामोस्तांना एक शेकोटी हवी होती. आणि त्या शेकोटीपाशी त्यांचा धाकटा भाऊ दिलशाद हवा होता. तो सहा मैलांवर राहायचा, विमानतळावर टॅक्सी चालवायचा आणि तीस वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. मामोस्तांचं हृदय अशक्त झालं होतं. "डॉक्टर म्हणतो, दोन वर्षं," त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं, पँटीची लांबी सांगावी तसं. "एक वर्तुळ काढायला तेवढी पुरेत."

मी त्यांना बिनदाराची खोली शोधून दिली. मुलांच्या गोष्टींचा कोपरा तिन्ही बाजूंनी उघडा होता. मध्ये इंग्रजी मुळाक्षरांची गोल सतरंजी होती, भोवती बुटक्या रंगीत खुर्च्या. रविवारी वाचनालय दुपारी उघडतं, त्याआधीचे दोन तास मी वरिष्ठांकडून मागून घेतले. मामोस्ता सतरंजीच्या मधोमध उभे राहिले, एकदा गोल फिरले आणि म्हणाले, "जिथे दारच नाही, तिथे दारापासून लांब कोण?" आयुष्यात मला मिळालेल्या कौतुकांपैकी ते पहिल्या तीनांत येईल.

त्या कोपऱ्यातल्या पहिल्या सभेला मामोस्तांसह नऊ माणसं आली. त्यांतल्या निम्म्यांनी तरुणपणी डोंगरात बंदुका वागवल्या होत्या. ती माणसं गुडघे हनुवटीला लावून बालवाडीच्या खुर्च्यांवर बसू लागली तेव्हा लक्षात आलं की पिवळ्या खुर्चीवर एक जण बसेना आणि हिरवीवर दुसरा. ते त्यांच्या विरोधकांचे रंग होते. मी जांभळ्या खुर्च्या गोळा केल्या. जांभळा कुठल्याच पक्षाचा नव्हता. सहाच निघाल्या. उरलेले तिघे सतरंजीवर बसले आणि त्यांना मोठा आराम मिळाल्यासारखं दिसलं.

त्याच सभेत मला अध्यक्ष करण्यात आलं. हे मी आजही लोकांना सांगते तेव्हा ते पुढच्या विनोदाची वाट बघत थांबतात. प्रत्येक नावावर कुणाचा ना कुणाचा आक्षेप निघत होता: याचा चुलता अमुक पक्षात, त्याच्या सासऱ्याने तमुक खेडं सोडलं. मग मामोस्तांनी माझ्याकडे बोट केलं. "यांचा चुलता कुठल्या पक्षात होता, कुणी सांगू शकेल?" कुणीच सांगू शकलं नाही. माझा चुलता सांगलीला पोस्टात होता, हे मी सांगायला गेले, पण तोवर ठराव मंजूर झाला होता.

इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहायचं यावर पुढचा तास गेला. कुर्दीच्या दोन मोठ्या बोली, आणि त्या लिहायच्या दोन लिप्या. एक घेतली की दुसरी दुखावते. इंग्रजीत म्हणावं तर एक म्हातारा तडकून म्हणाला, "ज्यांनी आमच्या सीमा आखल्या त्यांच्या भाषेत आमची एकी लिहायची?" अरबी, तुर्की आणि फारसीची नावं तर तिथे काढायचीही सोय नव्हती.

"ताई, तुम्ही स्वतःसाठी टिपणं कुठल्या भाषेत काढता?" मामोस्तांनी विचारलं.

"मराठीत."

"मराठीने आमच्यावर कधी राज्य केलंय?"

"माझ्या वाचनात तरी नाही."

तो ठराव एकमताने मंजूर झाला. उत्तर व्हर्जिनियातल्या कुर्द ऐक्य समितीची सगळी इतिवृत्तं मराठीत आहेत. ती वाचू शकणारी समितीत मी एकटीच, आणि नऊ जणांनी दर वेळी आनंदाने त्याखाली सह्या केल्या. तो म्हातारा माझी वही निरखून म्हणाला होता, "सगळी अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातलीत." मामोस्ता लगेच म्हणाले, "बघा, निदान यांच्या अक्षरांची तरी एकी झालेली आहे."

मला या समितीकडे जरा वरून बघायची सवय लागत होती, हे कबूल करायला हवं. एकदा मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. बोलून झाल्यावर मला आमची दोन मंडळं आठवली. गणपतीची मूर्ती बादलीत विसर्जित करायची की पुढच्या वर्षी तीच पुन्हा बसवायची, यावरून आमचं मंडळ फुटलं होतं. आता एकाच शनिवारी, एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत दोन गणपती बसतात. माझी मैत्रीण वसुधा बादलीवाल्यांकडे गेली. तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नव्हते. हे सगळं मी मामोस्तांना सांगितलं.

"फक्त दोन?" ते मनापासून म्हणाले. "तुम्ही फार समजूतदार लोक आहात."

आमच्या मंडळाच्या भालेरावांना मात्र माझा उद्योग पसंत नव्हता. त्यांनी फोन केला. "नलिनीताई, हे कुर्दांचं काय घेऊन बसलात यार? ऑडिटोरियम बुक करायचं पेंडिंग आहे. त्या बादलीवाल्यांनी आधी बुक केलं तर आपला प्रोग्रॅम कॅन्सल होईल."

"भालेराव, आपण दोघं मिळून एकच बुक केलं तर?"

ते हळूच म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

उन्हाळ्यात तिकडून बातमी आली की चाळीस वर्षं लढणाऱ्या एका गटाने शस्त्रं खाली ठेवायचं ठरवलं आहे. समितीने संदेश पाठवायचा ठरवला. 'अभिनंदन' म्हणावं तर लढाईचं अभिनंदन होतं, 'स्वागत' म्हणावं तर आपण कोण स्वागत करणारे, 'अखेर' म्हणावं तर उशीर झाला असा टोमणा. दोन रविवार एकेक शब्द गळत गेला आणि वर काहीही नाही, खाली नऊ सह्या, असा कागद तयार झाला. मामोस्तांनी तो पाठवू दिला नाही आणि फेकूही दिला नाही. घडी घालून खिशात ठेवला. "बंदूक खाली ठेवायला एक सकाळ पुरते," ते म्हणाले. "रिकाम्या हातांचं काय करायचं ते शिकवायला शाळा लागते, आणि आमच्याकडे शाळेच्या जागेवरूनही वाद आहे."

दिलशाद मात्र येत नव्हता. त्याची एकच अट होती: फरहादने साक्षीदारांसमोर कबूल करावं की किटली त्याने फोडली.

ही किटली मी समितीत शिरले तेव्हापासून ऐकत होते. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच लोकांचे दोन पक्ष एकमेकांवर गोळ्या झाडत होते. त्या काळाबद्दल बोलताना सगळे खाली बघत. दोघे भाऊ एकाच दरीच्या दोन उतारांवर, समोरासमोर होते. एका सकाळी दिलशादच्या उतारावर चहा उकळत असताना गोळी आली, किटली फुटली आणि उकळता चहा त्याच्या पायावर सांडला. तो अजून लंगडतो. समोरच्या उतारावर आपला भाऊ आहे हे त्याला माहीत होतं, आणि आपण इथे आहोत हे भावालाही माहीत होतं.

"मी नव्हतो," मामोस्ता मला म्हणत. "मी त्या सकाळी पेपर तपासत होतो." ते खरंच युद्धावर जाताना नववीचे भूमितीचे पेपर सोबत घेऊन गेले होते. निकाल थांबला असता.

"मग तसं सांगा ना त्यांना."

"तीस वर्षं सांगतोय. निरोप घेऊन गेलेला प्रत्येक माणूस कुठल्या तरी पक्षाचा होता."

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा राखाडी दिसत होता, दोन पायऱ्या चढून थांबले होते. "ताई, आज तो येतोय. मी कबूल करणार आहे. मरताना एक खोटं बरोबर नेलं तर फार वजन होणार नाही."

दिलशाद आला. मामोस्तांसारखंच कपाळ, तशीच भुवई, फक्त चिडलेली. तो बसला नाही. एका पुस्तकाच्या कपाटाला टेकून उभा राहिला. वर कागदी हत्ती टांगलेला होता.

"बोल," तो म्हणाला. ते त्यांच्या भाषेत बोलत होते. शेजारचा एक जण माझ्या कानाशी इंग्रजीत सांगत होता.

"किटली मी फोडली," मामोस्ता म्हणाले.

"कुठून?"

"माझ्या उतारावरून."

"उतार मोठा आहे. कुठून?"

"पाण्याच्या झऱ्याजवळून."

"तिथून किटली दिसते? दाखव. काढून दाखव."

मुलांसाठी तिथे एक पांढरा फळा होता. मामोस्तांनी खडूसारखा मार्कर धरला आणि दरी काढली. दोन रेघा, एक झरा. मग विचारलं, "किटली कुठे होती?"

"मोठ्या खडकाच्या पायाशी. आडोशाला."

मामोस्तांनी खडक काढला, किटली काढली. मग झऱ्यापासून किटलीकडे रेघ ओढू लागले. रेघ खडकाशी येऊन थांबली. त्यांनी ती पुसली, झरा थोडा वर नेला, पुन्हा ओढली. पुन्हा खडक. तिसऱ्या वेळी त्यांनी खडक जरासा लहान करायचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात थांबला. बावीस वर्षं चुकीच्या आकृत्यांवर तांबड्या शाईने फुली मारणारा तो हात होता. त्याच्याने होईना.

"सिद्ध होत नाही," ते पुटपुटले.

मग ते विसरलेच की आपण खोटं बोलायला आलो आहोत. "किटलीला भोक कुठल्या बाजूला होतं? खडकाच्या, की तुमच्या छावणीच्या?"

"छावणीच्या."

त्यांनी छावणीपासून किटलीपर्यंत रेघ ओढली. ती सरळ गेली. दिलशाद फळ्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, "उस्मान. माझ्या मागे बसून बंदूक साफ करत होता."

"तीस वर्षांत तुला हा खडक आठवला नाही?" मामोस्तांनी विचारलं, नापास मुलाला विचारावं तसं.

"मी चहाचा विचार करत होतो."

मला वाटलं, आता मिठी मारतील. सगळ्यांनाच वाटलं. जांभळ्या खुर्चीवरचा म्हातारा तर रुमाल काढून तयार होता. दिलशाद भडकला. "म्हणजे आत्ता तू माझ्या तोंडावर खोटं बोललास! नऊ माणसांसमोर!" आणि लंगडत निघून गेला.

मी इतिवृत्तात लिहिलं: 'किटली कुणी फोडली नाही, असा निष्कर्ष निघाला. धाकटे भाऊ रागावून गेले.' त्यावर आठ सह्या झाल्या. मामोस्तांनी सही केली नाही. म्हणाले, उत्तर चुकलं आहे, तिथे उस्मानचं नाव हवं.

त्या संध्याकाळी मामोस्तांना दिलशादचा फोन आला. भावाला खोटारडा म्हणायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशीही आला, उस्मानचा नेम इतका वाईट नव्हता हे सांगायला. मग रोज सात वाजता येऊ लागला. झरा कुणाच्या शेतात होता, आई कुणावर जास्त रागवायची, गाढवाचं नाव काय होतं. मामोस्ता दुकानातून लवकर घरी जाऊ लागले. "एकी नाही झाली," मला म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "पण भांडण सुरू झालंय. ताई, ज्याच्याशी भांडता येतं तो आपलाच, नाही का? परक्यावर माणूस फक्त गोळी झाडतो."

मी त्या आठवड्यात वसुधाला फोन केला. तिने उचलला आणि पहिलं वाक्य बोलली, "लग्नाला का नाही आलीस?" पुढचा दीड तास ती मला बोलत होती. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते.

फेब्रुवारीच्या शेवटी मामोस्ता गेले. दुकानात, शिवणयंत्रावर बसल्या बसल्या. समोर कुणाची तरी निळी पँट होती आणि तिला एका पायाला खूण झाली होती.

तीन गटांनी तीन ठिकाणी तीन शोकसभा घेतल्या. मी तिन्हींना गेले. तिन्ही ठिकाणी तेच सांगितलं गेलं, की ते खरे आमचेच होते. मी मागच्या बाजूला बसून विचार करत होते, की कोण खोटं बोलतंय. कुणीच नव्हतं.

चौथ्या दिवशी दिलशाद वाचनालयात आला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला. हातात टॅक्सीच्या किल्ल्या होत्या.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "त्या तीस वर्षांत हा माणूस कधीही मेला असता तर मी फक्त ऐकलं असतं. ऐकून गाडी चालवली असती. त्याने आधी चार महिने मला भाऊ केलं आणि मग मेला. हे कुठलं वागणं?"

मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये काम केलं. त्याला द्यायला माझ्याकडे एकही पुस्तक नव्हतं.

"सात वाजता मी काय करायचं?"

मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

मग त्याने विचारलं, शेकोटीचा अर्ज कुठे आहे. तो माझ्याकडेच होता. तीन गट एका शेकोटीला तयार झाले होते, एवढं मामोस्तांनी करून ठेवलं होतं. पण उद्यानाच्या परवान्यावर एकाच जबाबदार माणसाचं नाव चालत होतं, आणि ते नाव ठरत नव्हतं. घरात मृत्यू झाला असेल तर त्या घराने सांगितल्याशिवाय शेजाऱ्यांनी नवरोजचा जाळ पेटवायचा नाही, अशी त्यांच्या गावाची रीत. आता ते घर दिलशादचं होतं. "पेटवा," तो म्हणाला आणि सही केली. त्याच्या सहीवर आक्षेप घ्यायला कुणाचीच जीभ रेटली नाही.

नवरोजच्या दुपारी चारेकशे माणसं जमली. तिन्ही गटांचे तीन म्हातारे तीन काड्या घेऊन एकाच क्षणी वाकले, आणि वाऱ्याने तिन्ही विझल्या. पुन्हा वाकले, पुन्हा विझल्या. शेवटी उद्यानाची गणवेशातली कर्मचारी बाई बार्बेक्यूचा लायटर घेऊन आली आणि तिने एका दमात जाळ केला. कुणी हरकत घेतली नाही. दोन ध्वनिक्षेपकांवर दोन गाणी लागली. लोक करंगळीत करंगळी अडकवून नाचू लागले. आधी तीन फेर होते. जागा कमी होती. थोड्या वेळाने किती आहेत ते मोजता येईना.

परवान्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की राख हाताला थंड लागेपर्यंत अर्जदाराने जागा सोडू नये. माणसं डबे आवरून गेली, मुलं गाड्यांत बसली. उजेड अजून होता. दिलशाद एका दगडावर बसून राहिला. कर्मचारी बाई आली आणि म्हणाली, पाणी ओतू का, म्हणजे लवकर होईल.

"नको," तो म्हणाला.

त्याने वाकून राखेत हात घातला. बराच वेळ आत ठेवला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला, आणि परत बसला.

मीही बसले.